देवकरांच्या डिकीतलं पिवळं

लोखंड कापून त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं, या कामात माझं आयुष्य गेलं. नातेवाइकांना मी 'लॅबमध्ये' आहे एवढंच ठाऊक होतं. त्यामुळे प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी मला कोपऱ्यात घेऊन रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट दाखवायचं. मीही गंभीर चेहऱ्यानं 'गोड जरा कमी करा' असं सांगत आले. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.

आमची कंपनी भोसरीत क्रँकशाफ्ट बनवायची. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात गरगर फिरणारा वाकडातिकडा दांडा. तो बाहेरून कितीही देखणा असला तरी आतून ठिसूळ निघाला तर घाटात मधेच मोडतो आणि मग कोर्टात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. ते टाळायला दांड्याचा एक तुकडा कापायचा, घासून घासून आरशासारखा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गंमत अशी, की आरशासारख्या लोखंडात फक्त आपलाच चेहरा दिसतो. मॅनेजमेंटला बहुधा तेवढंच पुरेसं असतं. खरं काय ते दिसायला वरून ॲसिड टाकावं लागतं. मग लोखंडाचे कण उलगडतात, त्यांच्या शिवणी दिसतात आणि भट्टीवाल्यानं कुठे झोप काढली तेही दिसतं.

एकदा गिऱ्हाईक कंपनीचे एक साहेब फोटो बघून म्हणाले, "मॅडम, मागच्या महिन्याचे कण जास्त सुंदर होते. तसेच लावा ना." मी त्यांना मागच्या महिन्याचाच फोटो पुन्हा दाखवला. "बघा, आता कसं!" म्हणाले आणि पास करून गेले.

त्या ॲसिडांमधलं एक पिवळं होतं, पिक्रिक ॲसिड. लोखंडातल्या काही बारीक शिवणी त्याच्याशिवाय कुणालाच दाद देत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या लॅबमध्ये त्याला जागा. पण त्याचं मूळ घराणं लोखंडाचं नव्हे, रेशमाचं. माणसानं रसायनं शिजवून तयार केलेल्या पहिल्यावहिल्या कापडी रंगांपैकी हा एक. फ्रान्समधल्या रेशीम रंगवणाऱ्यांच्या हाती तो लागला तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं असणार. झगझगीत लिंबासारखा पिवळा. रेशीम बुडवलं की रंगलं, रंग धरायला तुरटी नको की काही नको. लोकर रंगते, पिसं रंगतात आणि रंगाऱ्याची कातडीही रंगते, कारण कातडी काय आणि रेशीम काय, त्याच्या लेखी एकाच जातीचं. फक्त सुती कापडाला तो धरत नाही. गरिबाच्या वाटेला जायचं नाही, हे तत्त्व त्यानं पहिल्यापासून पाळलं.

आता दोष. धुतला की उतरतो. चव कडूजहर, आणि पोटात गेला तर विषच. आणखी एक दोष होता. तो नीट कळायला मंडळींना बराच काळ लागला. हा रंग पूर्ण सुकला की फुटतो. घासला गेला, आपटला, तापला, काहीही निमित्त चालतं. आधी ज्यानं उंची झगे रंगवले त्यानंच पुढे तोफगोळे भरले गेले. पाण्यात भिजलेला असला तोवर गरीब गाय. कोरडा झाला की त्याच्याकडे पाठ करून श्वाससुद्धा बेतानं घ्यावा. आणि कोरडेपणी त्याची धातूशी सोयरीक जुळली तर जे क्षार तयार होतात ते त्याच्याहून तापट.

सुरुवातीच्या काळात हातमोजे आमच्याकडे ऑडिटच्या दिवशी यायचे आणि ऑडिटरबरोबरच परत जायचे. त्यामुळे माझी बोटं कायम पिवळी. मला बघायला आलेल्या सासूबाईंनी ती बोटं पाहिली आणि खूश होऊन म्हणाल्या, "मुलीला स्वयंपाकाची आवड दिसते." लग्न ठरलं. खरं काय ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तर ही झाली पात्रपरिचयाची अर्धी बाजू. उरलेली अर्धी म्हणजे आमचे सेफ्टी ऑफिसर देवकर.

देवकर हा माणूस मनापासून चांगला होता, आणि कारखान्यात त्याच्याइतकं धोकादायक काही नसतं. सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा ते स्वतः रचायचे. 'हेल्मेट घाला डोक्यावर, कोणी उभं आहे उंबऱ्यावर' ही त्यांचीच. जिन्याचा कठडा न धरता कुणी उतरताना दिसला तर त्याला पुन्हा वर पाठवून कठडा धरून उतरायला लावायचे. प्लांट हेडसाहेबांनाही त्यांनी एकदा असं वर पाठवलं होतं. साहेब वर गेले ते लिफ्टनं खाली आले.

मी कामाला लागायच्या आधीपासूनची एक बाटली आमच्या फ्यूमहूडच्या, म्हणजे ॲसिडची वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या मागे सापडली. तपकिरी काच, निम्मी भरलेली. आत पिवळे खडे, पाण्याचा टिपूस नाही. मूळ झाकण हरवलं म्हणून कुणा हौशी माणसानं दुसऱ्या बाटलीचं पत्र्याचं झाकण लावलेलं, आणि त्याच्या आट्यांमधून पिवळी भुकटी बाहेर डोकावत होती. मी मागच्या मागे सरकले. अशी बाटली उघडून पाणी घालावं म्हटलं, तर आट्यांमधली भुकटी झाकणाच्या एका पिळानं घासली जाते, आणि मग पाणी घालायला हात उरत नाही. मी तिला न हलवता तिच्यासकट ती खोली बंद केली, दारावर 'हात लावू नये' असा कागद चिकटवला आणि देवकरांना सांगितलं की तज्ज्ञांना बोलवा.

देवकरांनी ताबडतोब मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये ठरलं की बाहेरची एजन्सी बोलवावी. खरेदी खातं म्हणालं, तीन कोटेशनं हवीत. बॉम्ब दारात असला तरी तो स्वस्तात कोण उचलतो हे बघणं भाग होतं. दरम्यान मी देवकरांना दर आठवड्याला आठवण करायची. एक दिवस ते हसत हसत आले.

"मॅडम, तुम्ही उगाच घाबरवलंत. मी इंटरनेटवर वाचलं. पहिलंच वाक्य आहे, हा रेशमाचा जुना रंग आहे."

"दुसरं वाक्य वाचलंत?"

"तेवढ्यात मीटिंग लागली."

मी त्यांना दुसरं वाक्य सांगितलं. तिसरं आणि चौथंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वहीत टिपून घेतलं आणि 'रंग' या शब्दाखाली रेघ ओढली.

मग कंपनीनं चाकणला नवा प्लांट काढला आणि लॅब तिकडे हलवायचं ठरलं. स्थलांतरासाठी एक सल्लागार आले. त्यांनी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठ्या लावल्या. हिरवी म्हणजे न्यायची, लाल म्हणजे टाकायची. माझ्या खुर्चीवर लाल चिठ्ठी होती. खुर्चीत मी बसलेली असतानाच त्यांनी ती लावली.

सूक्ष्मदर्शक मात्र मी कुणाच्या हवाली करणार नव्हते. त्याची भिंगं मांडीवर घेऊन मी स्वतः टेम्पोच्या केबिनमध्ये बसले. टेम्पो रफिकभाईंचा. ते थेरगावचे, आमच्या कंपनीचा माल वर्षानुवर्षं वाहणारे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. सकाळची वेळ होती. मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि माझा फोन वाजला. भोसरीहून आमचे स्टोअरकीपर कदम बोलत होते.

"मॅडम, ती एजन्सीची माणसं आलीत एकदाची. बाटली कुठाय विचारतायत."

"बंद खोलीत."

"खोली उघडीय. बाटली देवकरसाहेब घेऊन गेले."

"कुठे?"

"चाकणला. नव्या प्लांटला सुरक्षेचं प्रदर्शन मांडायचंय ना. म्हणाले, जुना ऐतिहासिक रंग आहे, काचेच्या कपाटात शोभून दिसेल."

"कशातून नेली?"

"स्कूटरच्या डिकीतून, मॅडम. डब्याशेजारी ठेवली."

भोसरीपासूनचे खड्डे मी मनातल्या मनात मोजायला लागले. पुढच्या खड्ड्यांचा तर हिशेबच नव्हता. मी देवकरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम अख्ख्या कंपनीत एकच माणूस पाळायचा, आणि तो माणूस हाच होता.

"रफिकभाई, देवकरसाहेबांची स्कूटर कुठे दिसली का?"

"आत्ताच गेले ना, ताई. पुलावर आपल्याला ओव्हरटेक केलं. हातानं इशारा करून, दोन्ही आरशांत बघून. असा माणूस या रोडवर दुसरा नाही."

मी त्यांना काय झालंय ते सांगितलं. रफिकभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या रस्त्याकडे. "म्हणजे प्रत्येक खड्ड्याला..."

"हो."

"या अल्लाह," म्हणाले आणि गिअर टाकला.

देवकर नियमाच्या वेगानं चालले होते म्हणून सापडले. इतर कुणी असता तर एव्हाना चाकणच्या चौकात पोचला असता. पण सापडल्यावर करायचं काय? हॉर्न वाजवावा तर दचकून करकचून ब्रेक मारायचे. आडवं जावं तर तेच. रफिकभाईंनी टेम्पो हळूहळू त्यांच्या बरोबरीला आणला, आणि मी खिडकीतून निम्मी बाहेर येऊन दोन्ही हातांनी 'हळू, हळू' असं करू लागले.

देवकरांनी मला पाहिलं. हेल्मेटच्या आतूनसुद्धा त्यांचा संताप दिसला. त्यांनी तर्जनी उगारली आणि 'चालत्या वाहनातून शरीराचा भाग बाहेर काढू नये' अशा अर्थानं ती दोनदा हलवली. मग मला नीट समज द्यावी म्हणून इंडिकेटर देऊन, आरसा बघून, अलगद बाजूला थांबले आणि स्कूटर स्टँडवर लावली. त्या स्टँडच्या खटक्याला मी डोळे मिटले होते.

उघडले तर समोर एक कमान. 'शुभविवाह' लिहिलेली, झेंडूच्या माळांनी मढलेली. आत लॉनवर मांडव, मांडवात टॉवेल गुंडाळलेला नवरदेव आणि त्याला हळद फासणाऱ्या बाया. आणि कमानीच्या आतल्या बाजूला, स्कूटरपासून जेमतेम एका खोलीइतक्या अंतरावर, डीजेच्या पेट्यांची भिंत. प्रत्येक ठोक्याला माझ्या बरगड्या हलत होत्या. बरगड्या हलतात तर डिकीही हलत असणार.

"मॅडम, ही काय पद्धत झाली?" देवकर हेल्मेट काढत म्हणाले.

"देवकर, गाडीपासून लांब या. आधी लांब या, मग ओरडा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते आले. मी पोलिसांना फोन लावला.

"पिक्रिक ॲसिड आहे," मी सांगितलं.

"कुणावर फेकलं?" पलीकडून विचारणा झाली.

"फेकलं नाही हो. बाटलीत आहे. पण सुकलंय."

"मग पाणी घाला ना, मॅडम."

शेवटी मी म्हणाले, बॉम्ब समजा. बॉम्ब म्हटल्यावर सगळं सुरळीत झालं. पथक पाठवतो, जवळ कुणाला जाऊ देऊ नका, असं उत्तर आलं.

जवळ कुणाला जाऊ देऊ नका! तेवढ्यात कमानीतून फेटा बांधलेले एक उंचेपुरे गृहस्थ तरातरा बाहेर आले. नवरदेवाचे चुलते. सगळे त्यांना तात्या म्हणत होते.

"गाडी म्होरं घ्या की. नवरीकडलं पावनं यायचंत, बस कुटं लावायची?" असं म्हणत त्यांनी थेट स्कूटरच्या हँडलला हात घातला.

मी किंचाळले. ऑफिसात आयुष्यभर कधी आवाज चढवला नव्हता. तो सगळा साठा एकदम बाहेर पडला. धावत जाऊन मी त्यांचं मनगट धरलं. हात हलला तर हँडल हलेल, म्हणून ओढलंही नाही. नुसतं धरून उभी राहिले. डिकी माझ्या गुडघ्याला लागत होती.

"हात हळूच काढा, तात्या. हळूच. डिकीत बॉम्ब आहे."

"आं?"

"बॉम्ब नाही हो," मागून देवकर म्हणाले. "रेशमाचा जुना रंग आहे."

त्या क्षणी मला बॉम्बपेक्षा देवकरांचा जास्त राग आला.

तात्यांनी हात काढला, पण जागचे हलले नाहीत. "बाई म्हनत्यात बॉम्ब, सायेब म्हनत्यात रंग. आमी कुनाचं धरावं? घरात शुभकार्य हाय. वाजप बंद केलं तर लोक म्हंतील, तात्याच्या घरात काय इपरीत घडलं."

मी स्फोटकांचं रसायनशास्त्र सांगायला तोंड उघडलं. रफिकभाईंनी मला हातानं थांबवलं.

"तात्या, ओळखलं का? तुमचा कांदा मार्केटला मीच न्यायचो."

"रफिकभाई व्हय! अरं, तू हितं कुटं?"

"ते राहू द्या. एक ऐका. रंग निघाला तर आपण सगळे बसून हसू. माझ्यावर हसा, ताईंवर हसा. पण बॉम्ब निघाला तर हसायला कोण राहील?"

तात्यांनी मांडवाकडे पाहिलं. पुतण्याच्या गालाला कुणीतरी हळद चोपडत होतं आणि तो लाजत होता. तात्या वळले आणि डीजेवाल्याच्या दिशेनं चालू लागले. पण त्यांना तिथवर जावं लागलं नाही. 'बॉम्ब' हा शब्द तोंडोतोंडी डीजेवाल्यापर्यंत पोचला होता. त्यानं मुख्य वायर खेचली आणि सगळ्यांच्या आधी शेताकडे धूम ठोकली. पुढच्या काही मिनिटांत लॉन रिकामं झालं. मागच्या कोथिंबिरीच्या शेतात सगळी वऱ्हाडी मंडळी उभी राहिली. मधोमध अर्धा पिवळा नवरदेव, टॉवेल सावरत. एक म्हातारी मात्र खुर्चीवरून उठेना. "म्या न्हाई जायची. माझं कितीक ऱ्हायलंय," म्हणाली. तिला दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं.

रस्त्यावरची माणसं पांगवणं त्याहून अवघड. बॉम्ब आहे म्हटल्यावर शेतातली माणसं लांब गेली आणि रस्त्यावरची जवळ आली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एकजण मला म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हा ना, डिकी नीट येत नाहीये." रफिकभाईंनी टेम्पो आडवा लावून रस्त्याची ती बाजू बंद केली. तेव्हा कुठे गर्दी आटोक्यात आली.

पथकाची वाट बघत मी आणि देवकर लांब एका मोरीच्या कठड्यावर बसलो. मला त्यांना बोलायचं खूप होतं, पण माझा डोळा स्कूटरवर होता आणि टोमणे मारायला समोरच्याकडे बघावं लागतं. तेच बोलू लागले.

"मॅडम, खरंच फुटतं का ते?"

"खरंच."

"कशानं? म्हणजे नेमकं कशानं?"

"आपटलं तर. झाकण फिरवलं तर."

ते स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

"मी फिरवून बघितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"झाकण. सकाळी, निघायच्या आधी. शाळेत प्रकल्प आहे मुलीचा, रेशमाच्या किड्यापासून साडीपर्यंत. म्हटलं, चिमूटभर रंग काढून नेऊ, खऱ्या रेशमाच्या धाग्याला लावून दाखवेल. झाकण घट्ट बसलं होतं. रुमाल लावून पिळलं. नाही निघालं. मग टेबलाच्या कडेवर जरा ठोकलं, लोणच्याच्या बरणीला ठोकतो तसं."

स्फोटकाला स्वतःचं वेळापत्रक नसतं. ते कधी पहिल्याच धक्क्याला उडतं, कधी दहा धक्के सोसतं. त्या सकाळी त्यानं सोसायचं का ठरवलं, हे कुठलंच रसायनशास्त्र सांगू शकत नाही.

"ते निघालं असतं तर तिच्या हातात दिलं असतं मी," देवकर म्हणाले. "कागदाच्या पुडीत बांधून."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्यांच्याशी सरळ वाक्य क्वचितच बोलले होते.

पथक आलं. त्यांचे अधिकारी ठेंगणे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पत्र्याचं झाकण म्हटल्यावर भुवया उचलल्या आणि विचारलं, "कुणी उघडायचा प्रयत्न केला होता का?"

देवकर उभे राहिले. शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "मी. ठोकलंही होतं."

अधिकाऱ्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "देवाला मानता?"

"मानतो."

"मग घरी गेल्यावर नारळ फोडा. जरा जपून फोडा."

त्यांनी लांब दोरी लावून डिकी उघडली. जाड अंगरखा घातलेला एक जवान एकटाच पुढे गेला आणि वाळूच्या डब्यातून बाटली हळूहळू मागच्या जुन्या दगडखाणीत घेऊन गेला. त्याची चाल मी अजून विसरलेले नाही. देवाची मूर्तीसुद्धा कुणी इतक्या जपून नेत नाही. तो मोकळ्या हातानं परत आला तेव्हा कोथिंबिरीच्या शेतातल्या बायांनी पदर तोंडाला लावले होते.

मग आवाज झाला. फटाक्याचा म्हणून आपण ओळखतो तसा नव्हता तो. कोरडा, चिरत जाणारा. खाणीवरून धुळीचा लोट वर आला, लॉनच्या ऑफिसची एक काच खळ्ळकन फुटली आणि झाडावरचे सगळे कावळे एकदम उठले. एवढ्याशा निम्म्या बाटलीचा तो आवाज. देवकरांनी कानांवर हात ठेवले, पण आवाज होऊन गेल्यानंतर, आणि बराच वेळ काढले नाहीत.

तात्या माझ्याजवळ आले. खाणीकडे बघत म्हणाले, "रंग म्हनं!"

पुढे कंपनीत काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे उगाच उत्सुकता नको. चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्षपदी ते चिठ्ठ्या लावणारे सल्लागार होते. समितीनं निष्कर्ष काढला की 'तत्पर समन्वयामुळे संभाव्य घटना टळली'. संभाव्य घटनेनं लॉनची काच फोडली होती, पण ती समितीच्या कार्यक्षेत्राबाहेर पडत होती. त्या वर्षीचा सुरक्षा पुरस्कार आमच्या प्लांटला मिळाला. प्लांट हेडसाहेबांनी तो स्टेजवर स्वीकारला आणि जिन्यानं उतरताना चक्क कठडा धरला. देवकर टाळ्या वाजवायलाही आले नव्हते. ते तेव्हा स्टोअरमध्ये बसून प्रत्येक रसायनाबद्दल दुसऱ्या वाक्यापासून पुढचं सगळं वाचत होते. मी निवृत्त होईपर्यंत वाचतच होते. घोषणा रचणं मात्र त्यांनी सोडलं. माझ्या जागी आता एक संगणक आला आहे. तो लोखंडाचे कण मोजतो आणि गिऱ्हाइकांना हवे तितके सुंदर दाखवतो.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं. पथक गेलं, पोलिसांनी जबाब घेतले, आणि आम्ही निघणार तोच तात्या आडवे आले.

"बाई, जेवल्याबिगर जायचं न्हाई. मुहूर्त टळला न्हाई, नवरदेव शाबूत हाय. तुमी न्हाई जेवला तर आमाला गोड लागंल का?"

डीजेवाला परतला होता, पण तात्यांनी त्याला हळू आवाजात सनई लावायला सांगितलं होतं. अक्षता पडल्या. मी, रफिकभाई आणि देवकर एका टेबलाला बसलो. वाढपी बुंदी वाढून गेले. रफिकभाईंनी दोनदा मसालेभात मागितला. देवकर ताटाकडे बघत होते. बुंदीचे दाणे चमच्यानं ताटाच्या कडेला रांगेत लावत होते.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, तोंड पुसलं, मग उचलला.

"हं, बाळा. हो, कामावरच आहे... नाही गं, तो रंग नाही मिळाला... संपला तो. कुठेच नाही मिळत आता." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. तिकडून हट्ट चालला असावा. देवकर मांडवाच्या कमानीकडे बघत होते. तिथली झेंडूची एक माळ सुटून खाली लोंबत होती.

"झेंडू उकळून लावू आपण, संध्याकाळी, दोघं मिळून," ते म्हणाले. "फिका येतो, माहितीय मला. येऊ दे फिका."